स्वस्त हप्ता आणि बिलातला ‘क्ष’

आम्हा माजी सैनिकांना ईसीएचएसचा आधार असतो, पण नात्यातल्या सगळ्यांना तो कुठून असणार? म्हणून साठीतली मंडळी मला विचारतात, दोन पॉलिसींपैकी कोणती घेऊ? उत्तराला आठवीचं बीजगणित पुरतं.

आकडे नमुन्याचे घेऊ. दोन्ही पॉलिसींचं विमाकवच ५ लाखांचं. पहिलीचा वार्षिक हप्ता २४,००० रुपये, पण २० टक्के को-पे. म्हणजे मंजूर बिलाचा पाचवा हिस्सा आपल्या खिशातून. दुसरीचा हप्ता ३६,०००, को-पे नाही. वर्षाचं बिल ‘क्ष’ मानू.

पहिली: २४,००० + ०.२क्ष
दुसरी: ३६,०००

दोन्ही समान धरल्या की क्ष = ६०,०००. बिल याच्या आत असेल तर पहिली स्वस्त, वर गेलं तर दुसरी. ३ लाखांचं बिल आलं तर पहिली ८४,०००ला पडते, दुसरी ३६,०००लाच.

पण असं बिल काही दरवर्षी येत नाही. ‘न’ वर्षांत एकदाच आलं असं धरा:

२४,०००न + ६०,००० = ३६,०००न

न = ५. पाच वर्षांत एकदा आलं तर बरोबरी. त्याहून क्वचित आलं तर पहिलीच परवडते. अर्थात वाचलेले १२,००० दरवर्षी बाजूला टाकले तरच. ते बहुधा दिवाळीत उडतात.

आता खरी मेख. पहिलीत खोलीभाड्याची मर्यादा विमाकवचाच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० आहे समजा. त्या भाड्याची खोली रिकामी नाही, तुम्ही ८,०००ची घेतली. कंपनी भाड्याचेच नव्हे, डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर यांचेही पाच-अष्टमांशच देते. औषधं, इम्प्लांट, तपासण्या यांना ही कात्री लागत नाही. ३ लाखांपैकी कात्रीखालचा भाग १,६०,००० असेल, तर ६०,००० तिथेच गेले. उरलेल्या २,४०,०००वर को-पे ४८,०००. खिशातून एकूण १,०८,०००.

२४,०००न + १,०८,००० = ३६,०००न

न = ९. आता नऊ वर्षांत एकदा बिल आलं तरी फक्त बरोबरी होते. साठीपुढच्या जोडप्याला नऊ वर्षांत मोठं बिल येणारच नाही, अशी पैज मी लावणार नाही. मी दुसरी घेईन.

मात्र वयाबरोबर हप्ते वाढतात. त्यांतला फरक १८,००० झाला, की न ९ वरून ६ वर येतो. म्हणून नूतनीकरणाची नोटीस आली की नवे आकडे घालून समीकरण पुन्हा मांडा.