नऊ पदार्थांचे भोजन आणि त्यामागील मळा

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, सॅन फ्रॅन्सिस्को शहराच्या उत्तरेस, नापा नावाचे सुमारे ३० मैल लांबीचे खोरे आहे. द्राक्षमळे व त्यांपासून होणारी वाइन यांसाठी हे खोरे जगभर प्रसिद्ध आहे. याच खोऱ्यातील याउंटव्हिल या छोट्या गावी ‘फ्रेंच लॉन्ड्री’ नावाचे भोजनगृह आहे. त्याच्या दगडी इमारतीत एके काळी कपडे धुण्याचा व्यवसाय चाले. त्यावरून हे नाव पडले. श्मिट दांपत्याने १९७८ साली तेथे भोजनगृह काढले आणि १९९४ साली ते टॉमस केलर या पाककुशल गृहस्थांनी विकत घेतले. येथील एका भोजनास माणशी तीनशे डॉलरांहून अधिक मोल पडते. एवढे मोल कशाचे, हा प्रश्न शेतकऱ्याने विचारण्याजोगा आहे.

या भोजनाची रीत आपल्या पंगतीहून वेगळी आहे. ताट एकदम वाढले जात नाही. एकामागून एक असे नऊ पदार्थ येतात आणि प्रत्येक पदार्थ अवघ्या दोन-चार घासांचा असतो. कोणत्याही चवीचा पहिला घास सर्वांत गोड लागतो, पुढे जीभ सरावते व गोडी उतरते. म्हणून गोडी उतरण्यापूर्वीच पदार्थ संपावा, असे केलर यांचे तत्त्व आहे. भोजनात एकच जिन्नस दोनदा येऊ नये, असाही तेथील दंडक आहे. मांस-माशांच्या भोजनाबरोबरच केवळ भाज्यांवर आधारलेले दुसरे भोजनही तेथे मिळते.

तेथील सर्वांत गाजलेल्या पदार्थाचे नाव ‘कालवे आणि मोती’ असे आहे. त्यात कालवे व स्टर्जन माशाची महागडी गाभोळी असते. पण ‘मोती’ म्हणजे मात्र आपल्या घरोघर उपवासाला लागणारा साबुदाणाच होय. जिन्नस साधा की महाग, यावर पदार्थाची थोरवी अवलंबून नसते, हे यावरून ध्यानात यावे.

आता मळ्याकडे वळू. भोजनगृहासमोर, रस्त्यापलीकडे, सुमारे तीन एकरांचा त्यांचा स्वतःचा भाजीमळा आहे. कोवळी गाजरे, मुळे, पालेभाज्या, फुले यांची तेथे लागवड होते. मळ्यात काय तयार आहे, हे पाहून पदार्थ ठरविले जातात. नऊ पदार्थांत जिन्नस पुन्हा येऊ द्यावयाचा नसेल, तर मळ्यात एकाच पिकाची रेलचेल असून भागत नाही. अनेक पिके थोडीथोडी आणि टप्प्याटप्प्याने लावावी लागतात. दोन घासांच्या पदार्थात शिळेपणा किंवा जूनपणा लपविण्यास जागा नसते. म्हणून काढणीची वेळ तेथे फार महत्त्वाची ठरते.

परंतु या सर्वांच्या मुळाशी आणखी एक गोष्ट आहे. १९६० नंतरच्या काळात शहराची वाढ या खोऱ्याकडे सरकू लागली आणि मळ्यांचे तुकडे पाडून घरे बांधली जाण्याचे भय निर्माण झाले. तेव्हा १९६८ साली नापा जिल्ह्याने खोऱ्यातील जमीन शेतीसाठी राखून ठेवली. अमेरिकेतील अशा प्रकारची ही पहिलीच योजना होय. जमिनीचा तुकडा २० एकरांहून लहान पाडता येऊ नये, असे ठरले. १९७९ साली ही मर्यादा ४० एकर झाली. जमिनीचे भाव घसरतील म्हणून काही जमीनमालकांनी योजनेस विरोधही केला होता. पुढे १९९० साली, मतदारांच्या संमतीवाचून शेतजमिनीचा वापर बदलता येऊ नये, असा कौल जनतेने दिला. २००८ साली त्याची मुदत २०५८ पर्यंत वाढविली. त्या वेळी जमीन विकली गेली असती, तर आज तेथे ना द्राक्षे राहिली असती, ना हे भोजन.

आपल्या नाशिक जिल्ह्यातही वाइनसाठी द्राक्षे पिकतात आणि मळ्यांलगत भोजनगृहे निघाली आहेत. अशा ठिकाणी भाजी पुरविण्याची संधी ज्या शेतकरी बांधवांस मिळेल, त्यांनी पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे. कोणता माल, किती व कोणत्या आकाराचा हवा, हे आचाऱ्याशी प्रत्यक्ष बोलून ठरवावे. सर्व बी एकदम न पेरता आठ-दहा दिवसांच्या अंतराने पेरावे. काढणी पहाटेच्या गारव्यात करून माल सावलीत ठेवावा. मात्र एकाच गिऱ्हाइकावर विसंबून सारे क्षेत्र अनोळखी पिकाखाली आणू नये. नाशवंत माल न उचलला गेल्यास नुकसान शेतकऱ्याचेच होते. प्रथम दोन-चार वाफ्यांत अनुभव घ्यावा व मग क्षेत्र वाढवावे.

ग्रामसेवकांनी ही हकीकत गावसभेत अवश्य सांगावी आणि तिच्यासोबत एक प्रश्नही मांडावा: आपल्या गावची कसदार जमीन पुढील पिढीसाठी शेतीखाली राहावी, म्हणून आपण आज काय ठरविणार आहोत?