उपचार नाही, मग निदान कशाला?

वर्षाच्या आसपास चालायला लागलेलं मूल दोन-तीन वर्षांचं झालं तरी झोकांड्या खातं. पाय पोलिओसारखे लुळे नसतात, पण नुसतं उभं राहिलं तरी धड डोलतं. शाळेच्या वयात डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर बारीक लाल शिरा उमटतात. डोळे आल्यासारखी चिकट घाण येत नाही आणि थेंब घालून त्या जातही नाहीत. त्यातच सर्दी, कान वाहणं, न्यूमोनिया. मग चालण्यासाठी हाडांचा डॉक्टर, डोळ्यांसाठी डोळ्यांचा, खोकल्यासाठी गावातला दवाखाना आणि प्रतिकारशक्तीसाठी टॉनिकची बाटली. ही दुखणी वेगवेगळी आहेत, हाच सर्वांत महागात पडणारा गैरसमज. ॲटॅक्सिया टेलँजिएक्टेशिया, म्हणजे ए-टी, हा ४० हजार ते १ लाख जन्मांत एखाद्याला होणारा आनुवंशिक आजार. त्यात एटीएम हे जनुक बिघडलेलं असतं. १९९५ मध्ये ते सापडलं. तुटलेल्या डीएनएच्या दुरुस्तीला पेशीला जुंपणं हे त्याचं काम. ते अडलं की लहान मेंदू झिजतो, अनेक मुलांची प्रतिकारशक्ती अपुरी राहते आणि रक्ताच्या कर्करोगाचा धोका वाढतो. टॉनिकने जनुक दुरुस्त होत नाही.

बरा होणारच नसेल तर कराड, मिरज, मुंबई असे हेलपाटे कशाला, असं घरचे विचारतात. प्रश्न रास्त आहे, पण निदानाने पुढचे निर्णय बदलतात. या मुलांच्या पेशींना किरणोत्सर्ग सोसत नाही, म्हणून सीटी स्कॅन अगदी गरजेचा असेल तरच. एमआरआयमध्ये ती भीती नाही. कर्करोग झालाच, तर नेहमीच्या मात्रेतली किरणचिकित्सा जिवावर बेतू शकते. प्रतिपिंडं फार कमी असतील तर इम्युनोग्लोब्युलिन देऊन संसर्ग आटोक्यात ठेवता येतो. आणि संशयाला आधार द्यायला रक्ताची एक साधी तपासणी पुरते: अल्फा-फीटोप्रोटीन. वयाच्या दोन वर्षांनंतरही ते चढलेलं राहिलं, तर पुढे जनुकीय तपासणी करावी. प्रतिकारशक्तीच्या सखोल तपासण्या परळला केईएमच्या आवारातल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहेमॅटॉलॉजीत होतात.

'आमच्या घराण्यात असलं काही नाही, हे सुनेच्या माहेरून आलं,' हे बोलणं क्रूर आहेच, शिवाय खोटंही. मूल आजारी पडायला आई आणि वडील दोघांकडून एकेक बिघडलेली प्रत यावी लागते. एकच प्रत असलेल्या माणसात ए-टीची लक्षणं दिसत नाहीत, म्हणून पिढ्यानपिढ्या पत्ता लागत नाही. सातारा-सांगलीकडे मामाची मुलगी करण्याची चाल जुनी आहे, आणि 'आमची सगळी लग्नं नात्यातलीच, पोरं धडधाकट' असं सांगणारे खोटं बोलत नाहीत. बहुतेक मुलं निरोगीच निपजतात. पण एकाकडे अशी प्रत असली, तर सख्ख्या मामे-आतेभावंडाकडे तीच असण्याची शक्यता आठात एक असते. परक्याच्या बाबतीत ती शंभरात एकाहून जास्त नसते. पहिलं मूल आजारी निघालं म्हणजे पुढची तीन सुटली, असंही नाही. दर गर्भारपणात धोका तोच, २५ टक्के. पुढच्या गरोदरपणाआधी जनुकीय सल्ला घ्यायचा तो यासाठी.

बोलणं अडखळतं आणि लाळ गळते, म्हणून या मुलांना मतिमंद ठरवतात. बहुतेकांची समज शाबूत असते. हात थरथरतो आणि नजर ओळीवर ठरत नाही, म्हणून लिहिणं-वाचणं मागे पडतं. शिक्षकांनो, अशा मुलाला पहिल्या बाकावर बसवा, तोंडी उत्तराला वेळ द्या आणि परीक्षेला लेखनिक मिळवून द्या.