गळक्या स्टिअरिंग रॅकचे काय करावे?

मोटारीच्या दुरुस्तीच्या ज्या मामल्यांत सामान्य मालकाची सर्वाधिक कुचंबणा होते, त्यांत पॉवर स्टिअरिंगच्या रॅकमधून होणाऱ्या तेलगळतीचा क्रम बराच वर लागतो. ब्रेक लागेनासे झाले किंवा इंजिन बंद पडले, तर विचार करीत बसण्यास वावच उरत नाही. परंतु रॅक गळू लागला तरी गाडी चालते, वळते, नित्याच्या कामात खंड पडत नाही, आणि गाडी उभी करण्याच्या जागी फरशीवर उमटलेला तळहाताएवढा तांबूस डाग, एवढाच काय तो पुरावा मालकाच्या हाती असतो. त्या डागाच्या जोरावर एक कारागीर नव्या रॅकचे अंदाजपत्रक पुढे करतो, दुसरा सील किट बदलून भागेल म्हणतो, तिसरा ‘तेल टाकत राहा, काही होत नाही’ असा दिलासा देतो. आणि यांतील प्रत्येकाचे म्हणणे कोणत्या ना कोणत्या गाडीच्या बाबतीत खरे असल्यामुळे, आपल्या गाडीच्या बाबतीत कोणाचे खरे मानावे, हे ठरविण्याची जबाबदारी अखेर मालकाच्याच शिरावर येऊन पडते.

सर्वप्रथम आपल्या गाडीच्या स्टिअरिंगमध्ये तेल आहे तरी का, याची खात्री करून घ्यावी. अलीकडच्या बहुतेक लहान गाड्यांत विजेच्या मोटरवर चालणारे स्टिअरिंग असते. त्यात पंप नाही, नळ्या नाहीत, आणि गळण्याजोगे तेलही नाही. ही विद्युत पद्धती जपानच्या सुझुकी कंपनीने १९८८ साली आपल्या सेर्वो या छोट्या गाडीत आणली आणि पुढे ती जगभर पसरली. परंतु आपल्या रस्त्यांवर अजूनही लाखाच्या पुढे धावा काढीत असलेल्या पहिल्या पिढीच्या इनोव्हा, जुन्या स्कॉर्पिओ, जुन्या होंडा सिटी अशा गाड्यांत तेलाच्या दाबावर चालणारेच स्टिअरिंग आहे, आणि प्रस्तुत विवेचन अशाच गाड्यांच्या मालकांसाठी आहे.

रॅकची रचना ध्यानी आली की गळतीचे मर्मही ध्यानी येते. चालक स्टिअरिंग फिरवितो तेव्हा त्याच्या दांडीच्या खालच्या टोकाचे लहान दातेरी चाक, म्हणजे पिनियन, एका आडव्या दातेरी दांड्याला डावीउजवीकडे सरकविते, आणि त्या दांड्याच्या दोन्ही टोकांना जोडलेले टाय रॉड पुढची चाके वळवितात. हा आडवा दांडा म्हणजेच रॅक. तेलाच्या स्टिअरिंगमध्ये या दांड्यावर एक दट्ट्या बसविलेला असतो आणि दांड्याभोवतीचे आवरण नळकांड्याचे काम करते. इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा पंप तेल पाठवितो, पिनियनपाशी असलेली झडप चालकाच्या हाताचा कल ओळखून ते तेल दट्ट्याच्या एका किंवा दुसऱ्या अंगाला सोडते, आणि जो जोर पूर्वी चालकाच्या दंडातून यावा लागे, तो तेलाच्या रेट्यातून येतो. गुळगुळीत दांडा नळकांड्यातून आतबाहेर सरकतो त्या ठिकाणी त्याला वेढून बसलेली रबरी सील तेल आत राखतात, आणि त्यांच्याही बाहेर चुण्यांचे रबरी बूट धुळीला व पाण्याला अडवितात. स्टिअरिंग एका टोकापर्यंत वळवून धरले असता या तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ऐंशी-शंभर किलोग्रॅमपर्यंत चढू शकतो, म्हणजे टायरमधील हवेच्या दाबाच्या तीस-चाळीसपट. आणि तो दाब पेलण्याची कामगिरी अखेर एका रबराच्या पातळ ओठाकडे सोपविलेली असते.

अमेरिकेतील पिअर्स-ॲरो कंपनीच्या ट्रक विभागात काम केलेल्या फ्रान्सिस डेव्हिस या अभियंत्याने १९२६ साली पॉवर स्टिअरिंग बसविलेली मोटार चालवून दाखविली. ग्राहकाला विकत मिळणाऱ्या गाडीत ही सोय यावयास मात्र १९५१ सालची क्रायस्लरची इंपीरियल निघावी लागली. डेव्हिसच्या योजनेतील विशेष असा की, गाडी सरळ चालली असताना झडप मध्यावर मोकळी असते, तेल पंपातून निघून टाकीत परत येत राहते, आणि चालक स्टिअरिंग वळवू लागला म्हणजेच दाब चढतो. म्हणून द्रुतगती मार्गावर सरळ धावणाऱ्या गाडीचा अधू रॅक महिनोन्‌महिने तग धरतो, आणि अरुंद गल्लीत रोज मागेपुढे करून उभ्या कराव्या लागणाऱ्या गाडीचा तसाच रॅक थोड्याच दिवसांत टाकी रिकामी करतो.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. रॅक दुरुस्त करावा की बदलावा, या प्रश्नाच्या आधीचा प्रश्न असा की, गळतो तो रॅकच आहे काय? रॅक हा या सर्व यंत्रणेतील सर्वांत खालचा भाग असल्यामुळे वर कोठेही गळलेले तेल ओघळून त्याच्यावरच येऊन ठेपते, आणि खड्ड्यात उतरून वर पाहणाऱ्या कारागिराला तेलाने माखलेला रॅक तेवढा दिसतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका परिचिताच्या गाडीची अशीच शहानिशा मी उभे राहून पाहिली आहे. अन्यत्र त्यांना नव्या रॅकचा खर्च सांगण्यात आला होता. येथल्या मिस्त्रींनी प्रथम रॅक, नळ्या व पंप डिझेलने धुऊन, हवेच्या फवाऱ्याने कोरडे केले. मदतनिसाला गाडीत बसवून इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू फिरविण्यास सांगितले. आणि स्वतः हातदिवा घेऊन खाली उताणे पडून राहिले. काही मिनिटांत हाय प्रेशर पाइप जेथे रॅकला जोडला जातो त्या जोडापाशी तेलाचा एक बारीक थेंब फुगून आला, पाइपाच्या कडेने घरंगळला आणि रॅकच्या आवरणावर पसरला. जोडातील तांब्याचे वॉशर दबून निकामी झाले होते. ते बदलताच गळती थांबली, आणि त्या वॉशरांची किंमत रॅकच्या किमतीशेजारी लिहिण्याजोगीही नव्हती.

खुद्द रॅकचे सील गेले आहेत की काय, हे पाहण्याचा खात्रीचा मार्ग बुटातून जातो. बुटाची आतली क्लिप सोडून तो थोडा मागे सरकविला असता आतून नुसते ग्रीस दिसले, तर त्या बाजूचे सील शाबूत आहे. तेलाची धार लागली, तर ते गेले आहे. पुष्कळ गाड्यांत दोन्ही बुटांना जोडणारी हवेची एक बारीक नळी असते, तिच्यातून एका बाजूचे तेल दुसऱ्या बाजूच्या बुटात पोहोचते, आणि निर्दोष बाजूवर आळ येतो. हे घाईत असलेल्या माणसाच्या लक्षात येत नाही. पिनियनच्या वरचे सील गेले असेल, तर काही गाड्यांत तेल आत, चालकाच्या पायांखालच्या गालिच्यात मुरते.

सील गेल्याचे सिद्ध झाले, तरी ‘सील बदला’ एवढ्यावर निर्णय संपत नाही. कारण सील का गेले, हे अजून कळलेले नाही. केवळ वयोमानाने रबर कडक झाले असेल, तर नवे सील बसविणे ही पूर्ण आणि प्रामाणिक दुरुस्ती होय. परंतु पुष्कळदा सुरुवात फाटक्या बुटापासून झालेली असते. पावसाळ्यात घाटरस्त्याचा चिखल आणि पाणी त्या फटीतून आत जाते, दांड्याच्या चकचकीत पृष्ठभागावर गंज धरतो, गंजाचे कण त्या पृष्ठभागात बारीक खड्डे पाडतात, आणि मग तो दांडा प्रत्येक वळणाला सीलच्या ओठावरून कानशीसारखा फिरू लागतो. अशा दांड्यावर कितीही उत्तम सील बसविले, तरी ते अल्पावधीतच पुन्हा गळणार, यात संशय नाही. अनुभवी कारागीर रॅक सोडविल्यावर दांडा पुसून त्यावरून नख फिरवितो. नख कोठेही अडखळले नाही तर सील किट मागवितो, आणि अडखळले तर मालकाला बोलावून घेतो. माझ्या मते या संबंध प्रकरणाचा निकाल त्या नखाच्या टोकावर लागतो, कागदावरच्या आकड्यांवर नव्हे. खड्डे थोडे असतील तर दांडा घासून त्यावर पुन्हा हार्ड क्रोम चढवून देणारे कारखाने औद्योगिक शहरांत आहेत. मात्र दांड्याचा व्यास मूळ मापावर येणे हे काम मोजमापाचे आहे, आणि मायक्रोमीटर न लावणाऱ्याच्या हाती ते देऊ नये.

झिजलेल्या धातूवर नवे रबर हा उपाय नव्हे, याचा मोठा दाखला अमेरिकेत १९८०च्या दशकात मिळाला. जनरल मोटर्सच्या त्या काळच्या अनेक गाड्यांचे स्टिअरिंग सकाळी इंजिन गार असताना अत्यंत जड लागे आणि गाडी तापली की पूर्ववत होई. झडपेवरची टेफ्लॉनची कडी ॲल्युमिनियमच्या आवरणात खाचा पाडीत, आणि गार अवस्थेत तेल त्या खाचांतून आतल्या आत निसटे. बाहेर थेंबही पडत नसे. नवी कडी घालून हा दोष जाईना, तेव्हा आवरणात पोलादी अस्तर बसवून रॅक दुरुस्त करण्याची पद्धत तेथील कारागिरांनी रूढ केली. बाहेर डाग नसताना स्टिअरिंग जड होत असेल, तर आपल्याकडेही प्रथम पट्टा आणि पंपाचा दाब तपासून, मग अशा अंतर्गत गळतीचा संशय घ्यावा.

दुरुस्ती लगेच करावी की काही काळ थांबावे, हा पुढचा विचार. तेल पूर्ण गेले तरी स्टिअरिंग तुटत नाही; पिनियन आणि रॅक यांची दात्यांची जोडणी कायम असते, आणि गाडी हाताच्या जोराने वळविता येते, हे भयभीत मालकास अवश्य सांगितले पाहिजे. तथापि घाटातील वळणावर ती मदत अकस्मात नाहीशी होणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे, विशेषतः चालक वयस्क किंवा अंगाने किरकोळ असेल तर. शिवाय कोरडा पडलेला पंप लवकरच कुरकुरू लागतो आणि निकामी होतो, म्हणजे एका खर्चाचे दोन होतात. आणि तेलाचा फवारा तापलेल्या एक्झॉस्टवर उडाल्यास आगीचा धोका संभवतो. म्हणून गळती थेंबाथेंबाची असेल, टाकीतील पातळी किमान खुणेपर्यंत उतरण्यास काही महिने लागत असतील, तर तारीख आणि घातलेले तेल यांची वहीत नोंद ठेवून थांबण्यास हरकत नाही. ही मुदत आठवड्यांवर आली, किंवा बूट तेलाने भरून लोंबू लागला, तर थांबू नये. वरून घालावयाचे तेलही गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलेच असावे: अनेक गाड्यांना डेक्सरॉन जातीचे तांबडे तेल चालते, तर होंडाच्या गाड्यांना त्यांचे स्वतंत्र तेल लागते. गळती थांबविणारी म्हणून विकली जाणारी औषधे रबर फुगवितात. कडक झालेल्या सीलला त्याने तात्पुरता आराम पडेलही, परंतु खड्डे पडलेल्या दांड्यावर त्यांचा काहीही इलाज चालत नाही.

खर्चाचा हिशेब करताना एक गोष्ट विसरली जाते. अनेक गाड्यांत रॅक बाहेर काढण्यासाठी पुढची चौकट खाली उतरवावी लागते, आणि ही मजुरी सील किटला जेवढी, तेवढीच नव्या रॅकलाही पडते. म्हणून फसलेली स्वस्त दुरुस्ती ही सर्वांत महाग दुरुस्ती ठरते. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांनी वाढविता येते. ज्याला ती मुदत वाढवून गाडी राखावयाची आहे आणि तिचा दांडा खराब झाला आहे, त्याने नवा किंवा हमीसह पुनर्निर्मित रॅक घ्यावा. दांडा निर्दोष असेल तर गाडी कितीही जुनी असो, सील किट पुरेसे आहे. कुर्ल्याच्या जुन्या बाजारातून मोडीत निघालेल्या गाडीचा रॅक आणण्याचा सल्ला मी सहसा देणार नाही. त्याचे सील पडून पडून वाळलेले असतात, आणि अखेर त्यालाही नवे सील किट घालावेच लागते. ज्या गाडीचे सुटे भाग मिळणेच बंद झाले आहे, तिच्यापुरता हा मार्ग उरतो.

रॅक खाली उतरलाच, तर बूट, टाय रॉड एन्ड आणि झिजलेल्या नळ्या त्याच वेळी बदलाव्यात, जुने तेल पूर्ण काढून यंत्रणा धुऊन घ्यावी, आणि एअरबॅग असलेल्या गाडीत रॅक सुटा असताना स्टिअरिंग फिरणार नाही असे बांधून ठेवावयास सांगावे, कारण ते मोकळे फिरल्यास आतली विजेची गुंडाळी तुटते. काम झाल्यावर हवा काढणे आणि व्हील अलाइनमेंट यांना फाटा देऊ नये. स्टिअरिंग टोकापर्यंत वळवून पाच-दहा सेकंदांपेक्षा अधिक काळ दाबून धरण्याची सवय असेल, तर तीही सोडावी. आणि वाचकांना एवढीच विनंती की, रॅक उघडला जाईल त्या दिवशी शक्य तर स्वतः गॅरेजात हजर राहावे, पुसलेल्या दांड्यावर एकदा आपलेही नख फिरवून पाहावे, आणि तोवर कोणत्याही अंदाजपत्रकाला मंजुरी देऊ नये.