'कोअर्सिव्ह' : एका इंग्रजी विशेषणाचा अर्थ व वापर

राज्यशास्त्र, समाजशास्त्र व विधी या विषयांच्या इंग्रजी ग्रंथांत 'कोअर्सिव्ह' हे विशेषण पदोपदी भेटते. मराठीत त्यासाठी 'सक्तीचा', 'जबरदस्तीचा', 'बलप्रयोगी' असे पर्याय योजले जातात. त्यांपैकी 'बलप्रयोगी' हा सर्वांत शास्त्रीय वाटणारा शब्दच अधिक दिशाभूल करतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

या विशेषणाच्या मुळाशी असलेल्या लॅटिन क्रियापदाचा अर्थ कोंडणे, आवरून धरणे असा आहे. त्यात बळाचा उल्लेख नाही. आपल्याकडील 'कोंडीत पकडणे' हा वाक्प्रचार त्याच्या अधिक जवळचा. दार फोडून घरात शिरणे हे 'फोर्सिबल' होय. तेथे घरमालकाच्या इच्छेचा प्रश्नच उरत नाही. 'कोअर्सिव्ह' उपायात दार घरमालक स्वतः उघडतो, कारण न उघडल्यास काय होईल हे त्याला बजावलेले असते. थॉमस शेलिंग यांनी 'आर्म्स अँड इन्फ्लुअन्स' (१९६६) या ग्रंथात पाशवी बळ आणि धाक यांत असाच भेद केला आहे. धमकी प्रत्यक्षात आणावी लागली, तर धाक त्या प्रमाणात फसला असेच म्हणावे लागते. ('फोर्सफुल' हे तिसरेच प्रकरण. त्याचे भाषांतर 'जबरदस्त' असे होऊ शकते आणि ती प्रशंसा असते. एक ईकार जोडताच मात्र 'जबरदस्ती' हा दोष ठरतो.)

हा भेद भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १५ मध्ये स्पष्ट दिसतो. करारास संमती मिळविण्याच्या हेतूने दंडसंहितेने निषिद्ध केलेली कृती करणे, तसेच ती करण्याची नुसती धमकी देणे, या दोहोंचा तेथील व्याख्येत समावेश आहे; मालमत्ता बेकायदा अडकवून ठेवणेही त्यात येते. मद्रास उच्च न्यायालयापुढील १८८९ च्या एका प्रकरणात तेरा वर्षांच्या विधवेने दत्तकास मान्यता दिल्याखेरीज तिच्या पतीचे प्रेत घरातून हलवू दिले गेले नव्हते. तिने मान्यता दिली. न्यायालयाने ते दत्तक तिच्यावर बंधनकारक मानले नाही. १९१७ च्या चिक्कम अम्मीराजू प्रकरणात पतीने आत्महत्येची धमकी देऊन पत्नी व मुलाकडून हक्कसोडपत्र करून घेतले होते. येथे धमकी देणारा स्वतःच्याच जिवावर उठला होता. तरीही बहुमताच्या निर्णयानुसार ही संमती मुक्त नव्हती. 'बलप्रयोगी' हा शब्द या दोन्ही प्रसंगांना लावून पाहिल्यास त्याची अपुरी धाव लक्षात येते.

वापराबाबत एक सूचना आवश्यक वाटते. हे विशेषण साधनाला लागते, फलिताला नाही. सत्ता, उपाय, वर्तन 'कोअर्सिव्ह' असतात. त्यांतून मिळविलेला कबुलीजबाब वा संमती 'कोअर्स्ड' असते. 'सक्तीचे शिक्षण' यातील 'सक्तीचा' हा तर 'कम्पल्सरी' या अर्थाचा असून तो येथे उसना आणल्यास गोंधळ वाढतो.

अलीकडे या विशेषणाची व्याप्ती घराच्या चार भिंतींआड पोहोचली आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ इव्हान स्टार्क यांच्या २००७ मधील ग्रंथाने 'कोअर्सिव्ह कंट्रोल' ही संज्ञा सर्वतोमुखी केली. पैसा, पेहराव, माहेरच्या भेटी यांवरील नित्याची पाळत हा तिचा आशय. इंग्लंड व वेल्समध्ये २०१५ च्या कायद्याने जवळच्या वा कौटुंबिक नात्यातील असे वर्तन गुन्हा ठरविले. त्यास पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. मारहाण झालीच पाहिजे अशी अट त्यात नाही.

मात्र व्याप्ती वाढली की नेमकेपणा घटतो, याचे उदाहरण मुंबईतच सापडते. मुंबई उच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०२० मधील एका अंतरिम आदेशात आरोपींविरुद्ध 'कोअर्सिव्ह' उपाय योजू नयेत असे म्हटले होते. याचा अर्थ अटक करू नये असा, की तपासच थांबवावा असा? निहारिका इन्फ्रास्ट्रक्चर प्रकरणी १३ एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. ही शब्दयोजना फार संदिग्ध असून तिचा गैरअर्थ लावला जाऊ शकतो, म्हणून तिने नेमके काय अभिप्रेत आहे ते उच्च न्यायालयांनी स्पष्ट करावे, असेही बजावले. 'सक्तीची कारवाई' असे मराठी करूनही ही संदिग्धता जात नाही. अटक अभिप्रेत असेल, तर 'अटक करू नये' असे लिहिण्यास मराठीची काहीच आडकाठी नाही.