दुसरी वही

गुरुवारी कांदा चिरायला घेतला की अजूनही माझा हात क्षणभर थांबतो. परिवार सोडला २०१२ मध्ये. आता आमच्या घरी गुरुवारी कांदा-लसूण सगळं चालतं, मीही खाते. पण विळीवर बसलं की आधी कुणाकडे तरी बघावंसं वाटतं, ‘चिरू का?’ असं विचारायला.

परिवार म्हणजे आमच्या महाराजांचा. नाव सांगत नाही. मैत्रिणींनो, तुमच्याही गावात एखादा असेल, तोच समजा! मी गेले २००१ साली. यांचं दुकान बसत चाललं होतं, सासूबाई अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेल्या. पहिल्याच सत्संगाला एका बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवून विचारलं, “जेवलीस का गं?” कितीतरी महिन्यांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. लोक विचारतात, चमत्काराला भुललात का? अहो, चमत्कार नंतर आले. मी त्या हाताला भुलले.

माझं अक्षर चांगलं म्हणून माझ्याकडे ‘अनुभवाची वही’ आली. कुणाची कंबर बरी झाली, कुणाच्या मुलीचं लग्न जमलं, कुणाला सातव्या वर्षी मूल झालं, सगळं त्या वहीत. गुरुवारी मी ते वाचून दाखवायची आणि बायकांचे डोळे भरून यायचे. माझेही यायचे.

माझ्या धाकट्या जावेला फिट यायच्या. गोळ्या नियमित होत्या तोवर दोन वर्षांत एकदाही आली नव्हती. मीच तिला सत्संगाला नेलं. महाराज म्हणाले, गोळ्या बंद कर, विभूती घे. ती घाबरली. घरी आल्यावर मी तिला बसवून समजावलं, “एकीकडे गोळी आणि एकीकडे श्रद्धा असं चालत नसतं. पूर्ण सोपव.” २०१० च्या उन्हाळ्यात भाकरी करताना तिला फिट आली. उजवा हात तव्यावर. बोटं आखडली ती कायमची.

दवाखान्यात मी तिच्या उशाशी बसून काय म्हणाले ते आजही कानात आहे. “तुझ्या मनात कुठंतरी शंका आली असेल बघ.” आमचा हिशेब असाच होता. गुण आला तर महाराजांची कृपा, नाही आला तर आपली श्रद्धा कमी. छापा पडला तरी त्यांचा, काटा पडला तरी त्यांचाच.

तुम्हाला वाटेल, त्या दिवशी माझे डोळे उघडले. नाही उघडले. उलट मी आणखी घट्ट धरून बसले. हे खोटं म्हणायचं तर त्या हाताचं काय करायचं, तो कुणाच्या खात्यावर लिहायचा? म्हणून आणखी दीड वर्ष मी नेमानं वही वाचत राहिले. जावेचं नाव तिच्यात नव्हतं.

मग बँकेच्या रांगेत आमच्या जुन्या मुख्याध्यापिका बाई भेटल्या. त्या परिवार सोडून गेलेल्या, म्हणून त्यांच्याशी बोलायचं नाही असा आम्हाला दंडक होता. रांग मोठी होती, पळणार कुठं? बाईंनी महाराजांबद्दल एक वाकडा शब्द काढला नाही. एवढंच म्हणाल्या, “वही अजून तूच लिहितेस ना? मग गुण न आलेल्यांचं कुठल्या वहीत लिहितेस?”

मला राग आला. पण रात्री झोप लागेना. वहीत मूल झाल्याचे सात अनुभव होते. तेच अनुष्ठान करून मूल न झालेल्या बायका मी बोटांवर मोजायला लागले, तर दोन्ही हातांची बोटं संपली. त्या गुपचूप यायच्या बंद झाल्या होत्या आणि मी त्यांना ‘टिकल्या नाहीत’ म्हणत होते. त्या सातांपैकीही दोघी शहरातल्या डॉक्टरांकडे उपचार घेत होत्या. ते मला ठाऊक होतं, तरी लिहिलं नव्हतं. पहाटेपर्यंत मी वही उशाखाली घेऊन जागी होते.

सोडल्यावर सुटले असं वाटलं का? मुळीच नाही. बोअर कुठल्या वारी घ्यायची, मुलीला कुठल्या कॉलेजात घालायचं, काही म्हणजे काही ठरवता येईना. अकरा वर्षं विचारून वागलेली बाई मी. पहिल्या दिवाळीला पडद्याचं कापड घ्यायला गेले आणि दुकानात रडू फुटलं. दुकानदार बिचारा म्हणतो, “ताई, भाव कमी करतो.”

पुढे आम्ही बाहेर पडलेल्या चौघी बाईंच्या ओट्यावर जमायला लागलो, गुरुवारीच. त्या संध्याकाळी घर खायला उठायचं. आणि काय भांडायचो! एकीनं रागानं देव्हाराच माळ्यावर टाकला होता. दुसरी थेट दुसऱ्या महाराजांकडे निघाली होती. “ते खोटे निघाले म्हणून सगळेच खोटे का?” मी नाम घ्यायचं की नाही यावर अडलेली. बाई म्हणायच्या, “नाम तुझंच आहे, ते काय त्यांच्या घरचं आहे?” देव्हारावाली ऐकायची नाही, “तिथूनच तर सुरुवात होते.” दोघींचंही मला पटायचं. आजही एका मताला आम्ही आलेलो नाही. पण परिवारात दहा वर्षांत कुणी कुणाला “हे मला पटत नाही” म्हटलं नव्हतं. ओट्यावर ते दर पाच मिनिटांनी व्हायचं आणि तरी चहा मिळायचा.

माझा भाचा योकोहामाला नोकरीला. दिवाळीत आला होता, आमची वादावादी ऐकून म्हणाला, मावशी, जपानात ‘ओम शिनरिक्यो’ पंथाचं असंच झालं. ओम म्हणजे आपला ॐच! त्यांचा गुरू शोको असाहारा सांगायचा, मला हिमालयात ज्ञान मिळालं. मांडी घालून हवेत तरंगतानाचा त्याचा फोटो छापला होता. शिष्यांत शास्त्रज्ञ होते, हृदयाची शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर होता. २० मार्च १९९५ ला त्यांनी टोकियोच्या भुयारी रेल्वेत पाच गाड्यांत सरीन हा विषारी वायू सोडला. त्यात १४ माणसं गेली, शेवटची बाई पंचवीस वर्षं सोसून २०२० मध्ये. असाहाराला २०१८ मध्ये फाशी झाली.

मला त्यात आवडला तो ताकिमोतो तारो नावाचा वकील. त्यानं मांडी घालून उड्या मारायचा सराव केला, उडी वर असतानाच फोटो काढून घेतला आणि शिष्यांना दाखवला. बघा, मीही तरंगतोय! पंथानं त्याच्यावरही १९९४ मध्ये सरीनचा प्रयोग केला. तो वाचला, आणि बाहेर पडलेल्यांचा एक गट त्याच्या मदतीनं उभा राहिला. नाव ‘कॅनरी’. छाप्याच्या वेळी पोलिसांनी विषारी वायू आधी कळावा म्हणून पिंजऱ्यांत कॅनरी पक्षी नेले होते, त्यावरून.

आमच्या गावातही अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते येऊन गेले होते, मी परिवारात असताना. हळदीच्या पाण्यात चुना घालून ते लाल केलं. नारळाच्या शेंडीत पोटॅशियम परमँगनेट लपवून वर तूप म्हणून ग्लिसरीन सोडलं आणि नारळ पेटवला. सगळं मैदान हसलं. मला वाटलं, मलाच हसतायत. घरी येऊन पाच माळा जास्त केल्या. चूक कार्यकर्त्यांची नव्हती म्हणा. आमचा विरोध देवाधर्माला नाही, शोषणाला आहे, असं डॉ. दाभोलकर कायम सांगत. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांची हत्या झाली, त्या दिवशी मला तो नारळ आठवला आणि हसू ऐकून उठून गेलेली मी.

त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे. आमचं प्रकरण आधीचं, आणि दीर म्हणाले, झालं ते झालं. कायद्याचं मी वाचलं तेव्हा मनात आलं, शिक्षा महाराजांना होईल. पण गोळ्या बंद करायला लावणाऱ्या मोठ्या जावेचं काय?

ओट्यावर आम्ही दुसरी वही घातली. काय घडलं नाही, कुणाला गुण आला नाही, आणि आपण कुणाला काय सांगितलं, ते लिहायचं. पहिली दोन कलमं सोपी गेली, वहीची वीस पानं भरली. तिसऱ्याला सगळ्यांचे हात थांबायचे. जाऊ कधी ओट्यावर आली नाही. माझ्याशी बोलणं कामापुरतं. तिच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, रात्री नऊला घेते. पाणी मी देते, ती घेते.

गेल्या आषाढात एका गुरुवारी ती आपणहून आली. बाईंनी सरकून जागा दिली. थोडा वेळ बसली, मग वही मागितली. पेन धरायला बोटं वळेनात. तिनं वही माझ्यासमोर सरकवली.

“तुम्हीच लिहा, ताई. तुमचं अक्षर चांगलं आहे. लिहा, मोठ्या जावेनं सांगितलं म्हणून गोळ्या बंद केल्या.”

मी लिहिलं. तारीख तिनं सांगितली.