द्राक्षाचा मणी आणि ऑप्शन फॉर्म

सीईटीचा निकाल लागला की नाशिकच्या गंगापूर रोडवर एकच विषय चघळला जातो: इंजिनीअरिंग प्रवेशाचा ऑप्शन फॉर्म. क्लासच्या पायऱ्यांवर, चहाच्या टपरीवर मागच्या वर्षीचे कटऑफ उघडून मुलं आणि पालक हिशेब मांडत बसतात. अलीकडे ब्रांचच्या यादीत ‘रोबोटिक्स अँड ऑटोमेशन’ दिसू लागलं आणि नवा पेच पडला. पोराला रोबो बनवायचेत, मग हीच ब्रांच घ्यावी की आपली जुनी मेकॅनिकल?

नाशिककरांना हा पेच द्राक्षाच्या घडावरून सोडवता येईल. एक मणी न फोडता उचलणं माणसाला चुटकीसरशी जमतं. रोबोला ते शिकवताना घाम फुटतो. हाताच्या प्रत्येक सांध्याला मोटर लागते आणि सांधा किती अंशांनी फिरला हे मोजणारा एन्कोडर. पकडणाऱ्या पंजाची, म्हणजे ग्रिपरची, बोटं रबराची की धातूची, हे मेकॅनिकलवाला ठरवतो. बोटांवरचा दाब मोजणारा सेन्सर आणि त्याचं सर्किट हे इलेक्ट्रॉनिक्सचं काम. पान कोणतं अन् मणी कोणता, हे कॅमेऱ्याच्या चित्रातून ओळखायला कॉम्प्युटरवाला. दाब जरा वाढला की पकड तत्काळ सैल करायची, ते गणित कंट्रोल सिस्टिमचं. बारावीत पाठ करून विसरलेली डिफरन्शियल इक्वेशन्स इथे पुन्हा भेटतात. चौघांपैकी एक जरी चुकला, तरी मण्याचा रस होतो.

रोबोटिक्सची पदवी या चारही ताटांतलं थोडंथोडं वाढते. मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्समध्ये एकच पदार्थ, पण पोटभर. नाशकात पंचवटीच्या के. के. वाघ महाविद्यालयात रोबोटिक्सची स्वतंत्र ब्रांच आहे. मूळ ब्रांच घेऊन रोबोटिक्समध्ये ऑनर्स किंवा मायनर करण्याची सोयही आता अनेक ठिकाणी असते. गणित आणि यंत्र दोन्ही आवडणाऱ्या, पण अजून मन न ठरलेल्या मुलासाठी हा तिसरा रस्ता बरा.

पदवीच्या नावापेक्षा हात किती काळे झाले, हे मोलाचं. २००८ साली ‘एबीयू रोबोकॉन’ ही आशिया-पॅसिफिक स्पर्धा पुण्यात झाली, तेव्हा विषय होता ‘गोविंदा’: देशोदेशीच्या विद्यार्थ्यांचे रोबो चक्क दहीहंडीतलं लोणी काढायला आले होते. अशा स्पर्धांच्या संघांत वेल्डिंग करणारा आणि कोड लिहिणारा एकाच टेबलावर रात्र काढतात.

नोकरीचं म्हणाल, तर आंतरराष्ट्रीय रोबोटिक्स महासंघाच्या आकड्यांनुसार २०२३ मध्ये भारतात ८,५१० औद्योगिक रोबो बसले. ते बसवायला, शिकवायला, बिघडले की दुरुस्त करायला माणसं लागतात. कारखान्यात रोबोला ‘शिकवतात’ ते हातातल्या टीच पेंडंटवरून. त्याच्या मागच्या बटणावर बोट हलकेच दाबून धरलं तरच रोबो हलतो. सोडलं किंवा घाबरून गच्च आवळलं, की जागीच थांबतो.

पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीची जागा मिळाली तर ती घ्यावी लागते. म्हणून फॉर्मवर पहिलं नाव टाकण्याआधी कॉलेजच्या प्रयोगशाळेत डोकावावं. तिसऱ्या वर्षाच्या मुलाला विचारावं, ‘हा रोबो तू स्वतः कधी चालवलास?’ रोबोवर प्लास्टिकचं कव्हर असेल, तर त्यावरची धूळही बघून घ्यावी.