गाडीवरचा हवेचा पंप : दाब, उष्णता आणि तारेची जाडी

चाकात हवा भरण्याचा कॉम्प्रेसर गाडीवरच कायमचा बसवून घ्यावा, असे जीपसारख्या, चारही चाकांना इंजिनाची ओढ मिळणाऱ्या गाड्यांच्या अनेक मालकांना वाटते. काही कंपन्या तो कारखान्यातूनच बसवून देतात. टोयोटा कंपनीने अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या टाकोमा गाडीच्या २०२४ सालच्या ‘ट्रेलहंटर’ प्रकारात तो दिला आहे. मग ज्यांच्या गाडीत तो नाही त्यांच्या मनात येते, की तोच सुटा भाग आणून आपल्या गाडीत का बसवू नये?

काम वरवर सोपे दिसते. चार बोल्ट, दोन वायरी आणि एक बटण. प्रत्यक्षात त्यात शालेय भौतिकशास्त्रातले निदान चार धडे एकत्र येतात, आणि त्यांपैकी एकाचा विसर पडला तर गाडी पेट घेऊ शकते. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात किंवा तुमच्या गावच्या गॅरेजमध्ये अशी कामे करणारी मुले कालपर्यंत आपल्याच वर्गांत ओहमचा नियम पाठ करीत होती. तो नियम त्यांच्या हातापर्यंत पोचला आहे का, हा प्रश्न म्हणूनच शिक्षकांचाही आहे.

हवा कमी का करायची?

कोल्हापूरहून गगनबावड्यावरून करूळ घाट उतरला की काही तासांत सिंधुदुर्गाची किनारपट्टी लागते. डांबरी रस्त्यावर उत्तम चालणारी गाडी भुसभुशीत वाळूत शिरली की रुतते. पावसाळ्यात उसाच्या शेताकडे जाणाऱ्या काळ्या चिखलाच्या वाटेवरही तेच होते. अशा वेळी जाणकार चालक चाकांतली हवा कमी करतात.

याचे कारण साध्या भागाकारात आहे. गाडीचे वजन २००० किलोग्रॅम धरू. म्हणजे प्रत्येक चाकावर सुमारे ५०० किलोग्रॅम भार आला. चाकात ३२ पौंड हवा, म्हणजे दर चौरस इंचास ३२ पौंड दाब आहे. आपल्या एककांत हा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.२५ किलोग्रॅम होतो. टायरच्या कडांचा ताठरपणा बाजूला ठेवला, तर भार भागिले दाब म्हणजे जमिनीला टेकलेले क्षेत्रफळ. ५०० भागिले २.२५ म्हणजे सुमारे २२२ चौरस सेंटिमीटर. दोन पोस्टकार्डांपेक्षाही ही जागा थोडी कमी आहे! हवा निम्म्यावर, १६ पौंडांवर आणली की क्षेत्रफळ दुप्पट होते आणि वाळूवरचा दाब निम्मा होतो. उंटाचे पसरट पाऊल वाळूत का रुतत नाही, हे सांगताना आपण हेच तत्त्व वापरतो.

मात्र हवा कमी केलेले चाक पक्क्या रस्त्यावर धोक्याचे असते. फिरताना टायरच्या कडा दर फेऱ्याला जास्त वाकतात, पुन्हा सरळ होतात आणि तापतात. वेग वाढला की ही उष्णता टायर फाडू शकते. त्यातून पुढे घाटाची वळणे असतील तर गाडी नीट वळतही नाही. म्हणून वाळूतून बाहेर आल्यावर, घाट चढण्यापूर्वी हवा पुन्हा भरलीच पाहिजे. जवळपास पंक्चरवाला नसेल तर स्वतःचा पंप लागतो.

ट्रक आणि एस.टी.ला ही अडचण सहसा पडत नाही. त्यांचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, त्यामुळे इंजिनावर चालणारा कॉम्प्रेसर आणि हवेची टाकी त्यांच्याकडे असतेच. जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी १८६९ मध्ये रेल्वेसाठी हवेच्या ब्रेकचे पेटंट घेतले, त्या परंपरेतली ही व्यवस्था आहे. लहान गाड्यांचे ब्रेक तेलाच्या दाबावर चालतात. त्यांत कॉम्प्रेसर मुळातच नसतो. तो वेगळा बसवायचा तर चालवायला विजेची मोटर लागते, आणि वीज मिळणार १२ व्होल्टच्या बॅटरीतून.

हवा किती लागते?

अशा गाडीच्या टायरमध्ये सुमारे ६० लिटर जागा असते असे समजू. दाब १६ पौंडांनी, म्हणजे जवळजवळ १.१ वातावरणाने वाढवायचा आहे. बॉइलच्या नियमानुसार त्यासाठी बाहेरची सुमारे ६५ लिटर हवा आत ढकलावी लागेल. चार चाकांना २६० लिटर. सायकलच्या पंपाची नळी एका दट्ट्याला साधारण ३०० घन सेंटिमीटर हवा देते असे धरले, तर चार चाकांसाठी नऊशेच्या आसपास दट्टे मारावे लागतील. मिनिटाला ४० लिटर हवा देणारा छोटा कॉम्प्रेसर हेच काम सुमारे सात मिनिटांत करतो.

इथे मुलांची नेहमी होणारी एक गफलत दूर करता येते. मापकाचा काटा शून्यावर असतो तेव्हा टायरमध्ये हवाच नसते असे नाही. आत वातावरणाइतका दाब असतोच. ३२ पौंड म्हणजे वातावरणापेक्षा ३२ पौंड जास्त. वातावरणाचे सुमारे १४.७ पौंड त्यात मिळवले की खरा दाब जवळजवळ ४७ पौंड, म्हणजे वातावरणाच्या ३.२ पट होतो. बॉइलचा नियम वापरताना हाच खरा दाब घ्यावा लागतो.

पंप तापतो कशाने?

सायकलच्या पंपाचे खालचे टोक तापते, हा सर्वांच्या अनुभवातला भाग आहे. पुष्कळजण त्याचे कारण घर्षण सांगतात. ते काही अंशीच खरे आहे. दट्टा हवेवर कार्य करतो, हवेची आंतरिक ऊर्जा वाढते आणि तिचे तापमान चढते. ३० अंश सेल्सिअसची हवा उष्णता बाहेर जायला वेळ न देता झटकन ३.२ पट दाबाला नेली, तर गणिताने तिचे तापमान सुमारे १५० अंशांपर्यंत जाते. म्हणून कॉम्प्रेसरच्या डोक्यावर धातूचे पंखे काढलेले असतात, आणि काही मिनिटे चालवल्यावर तो बंद ठेवून थंड होऊ द्यावा लागतो. चांगल्या कॉम्प्रेसरमध्ये तापमान वाढले की मोटर आपोआप बंद करणारी कळ असते. तिला बगल देऊन थेट जोडणी करणे म्हणजे प्रेशर कुकरची शिटी बांधून ठेवण्यासारखे आहे.

मिनिटाला ४० लिटर हवा या दाबाला न्यायला सिद्धांताने सुमारे ९० वॅट शक्ती पुरते. पण झडपा, घर्षण आणि मोटर यांतल्या व्ययामुळे असा छोटा पंप प्रत्यक्षात ३५० वॅटच्या आसपास घेऊ शकतो. ३६० वॅट भागिले १२ व्होल्ट म्हणजे ३० अँपिअर. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण खरा धोका याच्या पुढे आहे.

तार किती जाड हवी?

घरातल्या भिंतीतून २.५ चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची तार गेलेली असते. तीवर २००० वॅटचा गीझर चालतो. मग ३६० वॅटचा पंप त्याच तारेवर का चालू नये? गॅरेजमध्ये हा प्रश्न सहज विचारला जातो आणि उत्तरही सहज दिले जाते : ‘चालतंय की!’

पण २३० व्होल्टवर २००० वॅट म्हणजे फक्त ९ अँपिअरच्या आसपास विद्युतधारा. गाडीत ती ३० अँपिअर आहे. तारेत निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे तेवढ्याच तारेत ती जवळजवळ बारापट होते.

आता गणित करू. पुढच्या बॅटरीपासून मागे बसवलेल्या कॉम्प्रेसरपर्यंत जाऊन-येऊन १० मीटर तार लागली. २.५ चौरस मिलिमीटरच्या अशा तारेचा रोध सुमारे ०.०६८ ओहम येतो. त्यातून ३० अँपिअर धारा गेली की २ व्होल्ट तारेतच खर्च होतात आणि सुमारे ६० वॅट उष्णता होते. घरच्या २३० व्होल्टांतून २ व्होल्ट गेले तर कळतही नाही. १२ व्होल्टांतून २ गेले तर सहावा हिस्सा गेला! मोटर मंदावते, हवा भरायला वेळ लागतो आणि चटईखाली दबलेली तार तापत राहते. तार १० चौरस मिलिमीटरची घेतली तर व्होल्टांची घट अर्ध्या व्होल्टवर येते आणि उष्णता १५ वॅटवर. कॉम्प्रेसर बॅटरीजवळ, बॉनेटखाली बसवला तर तार आखूड होते. पण तिथे इंजिनाची धग असते. धूळ, पाणी, उष्णता आणि तारेची लांबी यांचा मेळ घालूनच जागा निवडावी लागते.

डॅशबोर्डवरच्या सिगारेट-लायटरच्या छिद्रातून असा पंप चालवणे तर चूकच आहे. त्या जोडणीचा फ्यूज बहुधा १० ते २० अँपिअरचा असतो.

फ्यूज कोणाचे रक्षण करतो?

हा प्रश्न वर्गात विचारून पाहावा. बहुतेक मुले ‘यंत्राचे’ असे उत्तर देतील. इथे तो मुख्यतः तारेचे रक्षण करतो. समजा, हादऱ्यांनी घासून तारेचे आवरण गेले आणि ती चासीला टेकली. आता मधे मोटर नाही. आहे फक्त तारेचा ०.०६८ ओहम रोध. १२ भागिले ०.०६८ म्हणजे १७५ अँपिअरहून अधिक, आणि गाडीची बॅटरी एवढी धारा सहज देते, कारण स्टार्टरसाठी ती तशीच बनवलेली असते. त्या तारेत २००० वॅटहून जास्त उष्णता, म्हणजे खोली तापवणारी शेगडी गाडीच्या गालिच्याखाली! म्हणून फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा. तो कॉम्प्रेसरजवळ बसवला, तर बॅटरीपासून फ्यूजपर्यंतची सगळी तार उघड्यावर पडते. जास्त अँपिअरचा फ्यूज घालून ‘सारखा उडतोय’ ही तक्रार मिटवणे म्हणजे पहारेकऱ्यालाच घरी पाठवणे.

बटणातूनही ३० अँपिअर नेऊ नयेत. लहान धारेचे बटण रिलेला चालवते आणि रिले मोठी धारा सोडतो. मोटर सुरू होतानाच्या क्षणी धारा नेहमीच्या कित्येक पट असते. ती झेलणारे संपर्कबिंदू रिलेत असतात.

कारखान्यातली जोडणी आणि नंतरची

कारखान्यातून आलेल्या गाडीत तारेची जाडी, फ्यूज, बसवायची जागा आणि हवेची नळी या सर्वांचा एकत्र विचार झालेला असतो. सुटा कॉम्प्रेसर विकत मिळतो, पण हा विचार त्याच्या खोक्यात येत नाही. नव्या गाड्यांत बटण अनेकदा मोटर थेट सुरू करत नाही. ते गाडीतल्या संगणकाला निरोप देते. आपल्या गाडीच्या संगणकाला कॉम्प्रेसर ठाऊकच नसेल तर अस्सल भागही गप्प बसतो. मग मूळ तारा कापून जोडण्याचा मोह होतो. तो टाळावा, बॅटरीपासून स्वतंत्र जोडणी करावी.

कायद्याचीही जाणीव हवी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणीतला तपशील कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाहून वेगळा पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केले. छोट्या पंपाचा प्रश्न त्या कक्षेत येईलच असे नाही. पण काम सुरू करण्यापूर्वी परिवहन कार्यालय आणि विमा कंपनी यांना विचारून घेणे शहाणपणाचे.

आणि ज्याला वर्षातून एकदाच वाळूत जायचे आहे त्याला एवढा खटाटोप करण्याची गरज नाही. थेट बॅटरीला चिमट्यांनी जोडायचा सुटा पंप आणि एक चांगला मापक पुरतो.

वर्गात काय करता येईल?

१. सायकलचे मागचे चाक ओले करून आलेख-कागदावर टेकवा, एका मुलाला वर बसवा आणि ठशाचे चौकोन मोजा. थोडी हवा सोडून पुन्हा मोजा. दाब गुणिले क्षेत्रफळ म्हणजे चाकावरचा भार. तो वजनकाट्याशी ताडून पाहा. फरक का पडला, यावर चर्चा करा.

२. पंपाचे तोंड मोकळे ठेवून पन्नास दट्टे मारा आणि टोकाला हात लावून पाहा. पंप थंड झाल्यावर चाकाला जोडून तितकेच दट्टे मारा. दोन्ही वेळा घर्षण जवळपास सारखेच असते. मग तापण्यातला फरक कशामुळे?

३. दोन टॉर्चसेल आणि एक छोटा बल्ब आधी आखूड जाड तारेने, मग पाच-सहा मीटर लांब बारीक तारेने जोडा. बल्ब मंदावलेला दिसेल. गाडीच्या बॅटरीवर मात्र हा प्रयोग कधीही करू नका. का, ते वरच्या १७५ अँपिअरच्या गणितावरून मुलांनाच सांगू द्या.